वादाविना वैर : प्रयोगशाळेतील प्रणयकादंबरीविषयी काही आक्षेप

रंजनप्रधान कादंबरीविषयी मराठी समीक्षेने दीर्घकाळ एकच पवित्रा घेतला : तिच्याकडे पाठ फिरवण्याचा. फडके-खांडेकरांच्या काळातील ‘कला की जीवन’ हा वाद विझल्यावर लोकप्रिय कादंबरी हा ग्रंथालयातील देवघेवीच्या नोंदवहीचा विषय उरला, समीक्षेचा राहिला नाही. या उपेक्षेची प्रतिक्रिया म्हणून पुढे सांस्कृतिक अभ्यासाच्या नावाखाली दुसरा पवित्रा रूढ झाला. वाचकाला जे आवडते त्यात प्रतिकाराचे काही ना काही बीज असतेच, असे आधीच गृहीत धरायचे, ते बीज शोधायचे, आणि सापडले की समाधानाने निबंध संपवायचा. पहिला पवित्रा उद्दाम होता, दुसरा आळशी आहे. दोहोंतही संहिता वाचण्याचे श्रम टळतात.

हा आळस सर्वाधिक जाणवतो तो इंग्रजीत सध्या भरात असलेल्या एका उपप्रकाराविषयी लिहिले-बोलले जाते तेव्हा. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले दोन वैज्ञानिक एकाच संस्थेच्या छताखाली काम करता करता प्रेमात पडतात, असे या कादंबऱ्यांचे सूत्र असते. ॲली हेझलवुड या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेच्या ‘द लव्ह हायपॉथिसिस’ (२०२१), ‘लव्ह ऑन द ब्रेन’ (२०२२) आणि ‘लव्ह, थिऑरेटिकली’ (२०२३) या तीन कादंबऱ्यांनी या उपप्रकाराला आजचे रूप दिले, असे म्हणायला हरकत नाही. लेखिका जन्माने इटालियन, मज्जाविज्ञानात पीएच.डी. केलेली. त्यामुळे या कादंबऱ्यांच्या बाजूने नेहमी एक युक्तिवाद केला जातो : येथे प्रयोगशाळेचे अंतरंग जाणणारी स्त्री लिहिते आहे, नायिका स्वतः संशोधक आहे, तिला डावलणारी पुरुषी व्यवस्था कादंबरीत दिसते; सबब प्रणयकादंबरीच्या जुन्या साच्यात स्त्रीवादी वास्तववाद अवतरला आहे.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. या कादंबऱ्यांत प्रयोगशाळा आहे आणि पुरुषी व्यवस्थाही आहे, हे खरे. परंतु ज्या गोष्टीने दोन वैज्ञानिक एकमेकांचे प्रतिस्पर्धी ठरतात ती गोष्ट, म्हणजे वाद, त्यांत नाही. वैर आहे, त्या वैराला विषय नाही. आणि ही उणीव लेखिकेच्या अनवधानातून आलेली नसून ती या आकृतिबंधाची गरज आहे, असे मला दाखवायचे आहे.

प्रथम जे खरे आहे ते मान्य करू. ‘लव्ह, थिऑरेटिकली’ची नायिका एल्सी हॅनवे ही सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ आहे. तिच्याजवळ पीएच.डी. आहे, द्विमितीय द्रव-स्फटिकांविषयीचे स्वतःचे संशोधन आहे. नाही ती नोकरी. बॉस्टन परिसरातील अनेक विद्यापीठांत ती तुकड्या-तुकड्यांनी शिकवते, विद्यार्थ्यांच्या सबबींच्या पत्रांना उत्तरे देते आणि भाडे भागावे म्हणून पैसे घेऊन लोकांची खोटी प्रेयसी म्हणून समारंभांत वावरते. तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. अमेरिकेत आरोग्यविमा बहुधा नोकरीशी जोडलेला असल्याने इन्शुलिनची चिंता आणि कायम पदाची आस या तिच्यासाठी वेगवेगळ्या गोष्टी उरत नाहीत. ही पाने खरी आहेत. आपल्याकडे तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत शिकवणाऱ्या, नेट-सेट आणि पीएच.डी. झालेल्या, वर्षाचे काही महिने बिनपगारी काढणाऱ्या कोणाही अध्यापकाला ती परकी वाटणार नाहीत. मराठी कादंबरीने या माणसाकडे जेवढे पाहायला हवे होते तेवढे पाहिलेले नाही, हे जाता जाता नोंदवतो. तेव्हा हेझलवुड यांना ज्ञानव्यवहाराचे अर्थकारण दिसत नाही असा माझा आक्षेप नाही. ते त्यांना स्पष्ट दिसते. म्हणूनच त्याचे पुढे काय होते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

एमआयटीत प्राध्यापकपद निघते. एल्सी मुलाखतीला जाते आणि निवडप्रक्रियेत ज्याच्या मताला वजन आहे असा जॅक स्मिथ तिच्यासमोर येतो. ज्या ग्रेगची खोटी प्रेयसी म्हणून ती त्याच्या कुटुंबात वावरली, त्याचा हा भाऊ. शिवाय तो प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्याहून वाईट म्हणजे सैद्धांतिक भौतिकीची नाचक्की करणारा इसम. किशोरवयात त्याने एक निरर्थक, बनावट निबंध रचून सैद्धांतिक भौतिकीच्या एका मान्यवर नियतकालिकात छापून आणला होता. त्या नियतकालिकाचे संपादक म्हणजे पुढे एल्सीचे मार्गदर्शक झालेले लॉरेंडो.

या नियतकालिकाच्या वाचकांना हे कथानक ऐकून काय आठवेल ते सांगायला नको. १९९६ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी ‘सोशल टेक्स्ट’ या नियतकालिकात आपला बनावट निबंध छापून आणला. त्या प्रकरणाने आपल्या ज्ञानशाखेला बसलेला चटका अजून विझलेला नाही. हेझलवुड यांनी तो प्रसंग उचलला आहे, मात्र स्थळ बदलून. तेथे भौतिकीने मानव्यविद्यांची फजिती केली होती, येथे भौतिकीची एक शाखा दुसरीची करते. हे स्थलांतर कल्पक आहे, आणि निराधारही नाही. २००२ साली फ्रान्समधील बोगदानोव्ह बंधूंच्या सैद्धांतिक भौतिकीवरील निबंधांवरून असाच गहजब झाला होता. ते निबंध गंभीर संशोधन होते की शब्दांचे बुडबुडे, हे त्या क्षेत्रातल्या जाणत्यांनाही चटकन सांगता येईना, हीच त्यातली लाजिरवाणी बाब होती. पुढे २००६ मध्ये पीटर वॉइट आणि ली स्मोलिन या दोघांनी दोन वेगळ्या पुस्तकांतून तंतुसिद्धांतावर जो हल्ला चढवला त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता : ज्या सिद्धांताची प्रयोगाने कसोटी घेता येत नाही, त्याच्या सत्यतेचा निवाडा कोणी आणि कशाच्या आधारे करायचा?

म्हणजे लेखिकेच्या हाती एक धगधगता विषय आला आहे. एक प्रायोगिक, एक सैद्धांतिक. दोघेही हुशार, दोघांचीही उपजीविका या प्रश्नाच्या उत्तराशी बांधलेली. जॅकच्या निबंधाने काही सिद्ध झाले का? बनावट निबंध छापला जाणे हा संपादनातील दोष की सिद्धांतातील? सोकल प्रकरणात हा भेद कळीचा होता, कारण ‘सोशल टेक्स्ट’ त्या काळी बाहेरच्या तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेत नसे. जॅकच्या निबंधाबाबत तसे घडले काय? एल्सीने या प्रश्नांवर जॅकशी भांडावे, जॅकने तिच्या द्रव-स्फटिकांच्या सिद्धांतात खोट काढावी, तिने त्याच्या मापनपद्धतीतली चूक दाखवावी आणि या भांडणातच एकमेकांच्या बुद्धीचे आकर्षण उपजावे, अशी अपेक्षा वाचक करतो.

ती पुरी होत नाही. उत्तरार्धात उलगडा होतो तो असा : जॅकची दिवंगत आईही भौतिकशास्त्रज्ञ होती, लॉरेंडो यांनी तिच्यावर अन्याय केला होता, आणि जॅकचा निबंध हा त्या अन्यायाचा सूड होता. ज्ञानविषयक प्रश्न कौटुंबिक प्रश्नात विरघळतो. निबंधाच्या परिणामांची जॅकला खंत वाटते, आणि ती प्रामाणिक आहे. परंतु खंत म्हणजे युक्तिवाद नव्हे. सिद्धांताची कसोटी काय, हा प्रश्न ज्याने उपस्थित केला त्याने तो कधी मनापासून विचारलेलाच नव्हता, असे ठरते. आणि प्रश्न मनापासून विचारलेला नसेल तर त्याला उत्तर देण्याची जबाबदारी एल्सीवरही राहत नाही. दोघे मोकळे होतात, एकमेकांसाठी.

हेतूने युक्तिवादाची जागा घेणे, ही या तिन्ही कादंबऱ्यांतील मूळ क्रिया आहे. ‘लव्ह ऑन द ब्रेन’मध्ये मज्जावैज्ञानिक बी आणि अभियंता लीव्हाय हे नासाच्या एका प्रकल्पावर एकत्र येतात. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळापासून तो आपला द्वेष करतो अशी तिची खात्री असते. वस्तुतः तो तेव्हापासून तिच्यावर प्रेम करत असतो. ‘द लव्ह हायपॉथिसिस’मधील ॲडम कार्लसन विद्यार्थ्यांना रडवणारा, कोणाचेही काम सहज नापसंत करणारा प्राध्यापक म्हणून कुख्यात असतो, वस्तुतः तो केवळ सचोटीचा असतो. तिन्ही ठिकाणी नायकाचे वैर हा एक दृष्टिभ्रम ठरतो. तो दूर झाला की खाली प्रेम सापडते.

वैर दृष्टिभ्रम ठरले तरी त्या वैराची फळे नायिकेने खरोखरच भोगलेली असतात. तिला साधनसामग्री मिळालेली नसते, तिचे श्रेय चोरले गेलेले असते, नोकरी हुकलेली असते. हे सारे कोणी केले? नायक निर्दोष सुटल्यामुळे मोकळी झालेली आरोपीची जागा भरणे भाग पडते, आणि प्रत्येक कादंबरी ती इमानेइतबारे भरते. पहिल्या कादंबरीत टॉम बेंटन हा लैंगिक छळ करणारा प्राध्यापक. दुसरीत प्रकल्पात घातपात करणारा गाय. तिसरीत लॉरेंडो, ज्यांनी एल्सीला आलेला नोकरीचा प्रस्ताव तिला न कळवताच परस्पर नाकारलेला असतो. संस्थेतला सारा अन्याय या एका पात्रात ओतायचा आणि ते पात्र कथेबाहेर काढायचे. ते गेले की संस्था स्वच्छ. पद कसे भरले जाते, श्रेय कसे वाटले जाते, कोणाच्या शिफारसपत्राला किंमत असते, या व्यवस्थेत तसूभरही फरक पडत नाही आणि तो पडायला हवा असे कोणाला वाटतही नाही. लॉरेंडो एल्सीचा प्रस्ताव नाकारू शकले ते ते दुष्ट होते म्हणून, की मार्गदर्शकाला असा परस्पर शब्द टाकता येतो अशी रीतच आहे म्हणून? कादंबरी पहिले उत्तर देते. पूर्वार्धातील इन्शुलिनची पाने ज्या लेखिकेने लिहिली तिला दुसरे उत्तर ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. गैरसमजावर उभी राहिलेली प्रेमकथा ही काही हेझलवुड यांची निर्मिती नव्हे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’पासून (१८१३) ती चालत आली आहे. पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये प्रणयकादंबरीची जी आठ आवश्यक अंगे सांगितली त्यांत ‘अडथळा’ आणि ‘उमज’ ही आहेतच. मग याच कादंबऱ्यांना दोष का?

ऑस्टिनची तुलना मुळात या कादंबऱ्यांच्या विरोधात जाते, म्हणूनच ती करायला हवी. एलिझाबेथ डार्सीविषयी चुकते तेव्हा वाचकही तिच्याबरोबर चुकतो. विकमचे बोलणे तिला जेवढे पटते तेवढेच पहिल्या वाचनात आपल्यालाही पटते. डार्सीचे पत्र येते तेव्हा ती ते पुन्हापुन्हा वाचते, त्यातील विधाने आपल्या आठवणींशी ताडून पाहते, एकेका विधानाला शरण जाते. ती वैज्ञानिक नाही; पण पुराव्यापुढे मत बदलण्याची क्रिया इंग्रजी कादंबरीत इतक्या काटेकोरपणे क्वचितच दाखवली गेली असेल. उलट हेझलवुड यांच्या नायिका व्यवसायाने अनुमान करणाऱ्या. समोरचा पुरुष आपल्यावर प्रेम करतो हे वाचकाला तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत कळून चुकलेले असते आणि त्यांना मात्र शेवटच्या चतुर्थांशापर्यंत कळत नाही. निवेदन त्यांच्याच मुखातून वा त्यांच्याच दृष्टिकोणातून होते, म्हणजे वाचक त्यांच्याच डोळ्यांनी पाहत असतो. तरी त्यांच्या पुढे असतो. तानिया मॉडलेस्की यांनी १९८२ मध्येच हार्लेक्विन कादंबऱ्यांचे विश्लेषण करताना हे दाखवून दिले होते की सूत्र ठाऊक असलेला वाचक नायिकेपेक्षा शहाणा असतो आणि नायकाच्या तुसडेपणाचा अर्थ प्रेम असा लावायला तो सरावलेला असतो. चाळीस वर्षांनंतर नायिका परिचारिकेऐवजी भौतिकशास्त्रज्ञ झाली. तिचे हे अज्ञान तेवढेच राहिले. किंबहुना ते अधिक खटकते, कारण आता अनुमान हाच तिचा पेशा आहे. ‘द लव्ह हायपॉथिसिस’च्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक गमतीदार गृहीतक दिलेले आहे. त्या गृहीतकांपैकी एकाचीही कसोटी घेतली जात नाही. वैज्ञानिक पद्धतीचे हे अलंकरण आहे, झुलीसारखे; काढून ठेवले तरी खालचा प्राणी तोच.

फडक्यांच्या ‘प्रतिभासाधना’पासून (१९३१) आपण मराठीत रचनातंत्राची चर्चा करत आलो आहोत. फडक्यांच्या नायकांचे व्यवसायही बहुधा असेच अंगावर घातलेले असत, हे आपण त्यांना कधी माफ केले नाही. तत्त्वज्ञानाच्या त्या प्राध्यापकावर आपण जो आक्षेप घेतला तो परदेशी विद्यापीठातल्या लेखिकेच्या बाबतीत मागे घ्यायचे काही कारण मला दिसत नाही.

वाचकांच्या आनंदाचा दाखला देणारे जॅनिस रॅडवे यांचे नाव घेतात. त्यांनी ते पुस्तक (१९८४) पुन्हा उघडावे. वाचन ही क्रिया आणि वाचलेली कथा यांत रॅडवे भेद करतात. घरकामातून काढलेला, फक्त स्वतःचा असा वेळ म्हणून ते वाचन त्या स्त्रियांसाठी एक लहानसा नकार होता, हे त्या आवर्जून सांगतात. पण ती कथा मात्र त्यांना पुन्हा त्याच घरात समाधानाने परत पाठवते, हेही सांगतात. आपल्या चर्चासत्रांतून पहिले विधान उद्धृत होते, दुसरे गळते.

आता मी ज्याला या विषयाचा गाभा मानतो त्याकडे वळतो. प्रयोगशाळेतील प्रेम हा केवळ कादंबरीचा विषय नाही. विज्ञानसंस्थांनी स्त्रीला दूर ठेवण्यासाठी दिलेले ते सर्वांत जुने कारण आहे.

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून उत्तम यश मिळवून कमला भागवत बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्या केवळ स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी सत्याग्रही चिकाटीने हक्क सांगितला तेव्हा अटी घालून प्रवेश देण्यात आला : एक वर्ष उमेदवारीचे, आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवणाऱ्या, विज्ञानशाखेत ही पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कमला सोहोनी त्या ह्याच. मराठी वाचकाला त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी म्हणूनही ठाऊक आहेत. ती दुसरी अट नीट वाचावी. विचलित होणारे मन पुरुषाचे आणि शिक्षा स्त्रीला. तिने रसायनाच्या मेजाशी उभे राहणे हाच एक प्रणयप्रसंग समजला गेला. आणि हे १९३३ मध्येच संपले असेही नाही. २०१५ साली सोल येथे नोबेल पारितोषिक विजेते टिम हंट यांनी मुली प्रयोगशाळेत आल्या की कोणीतरी कोणाच्या तरी प्रेमात पडते आणि टीका केली की त्या रडतात, अशा अर्थाचे उद्गार काढले. ते विनोदाने बोलले होते, असे नंतर सांगितले गेले. विनोदात गृहीतके अधिक निर्धास्तपणे वावरतात.

जेथे प्रेम खरोखर झाले आणि विवाहही झाला, तेथे काय घडले? मारिया गोपर्ट-मायर यांना पती ज्या विद्यापीठात त्या विद्यापीठात पगारी पद मिळेना. जॉन्स हॉपकिन्स, कोलंबिया, शिकागो असा प्रवास करत त्यांनी वर्षानुवर्षे बहुतांशी विनावेतन संशोधन केले. पूर्णवेळ सवेतन प्राध्यापकपद १९६० मध्ये मिळाले आणि तीनच वर्षांनी नोबेल. नातेवाइकांना एकाच संस्थेत नेमू नये असे नियम अनेक अमेरिकी विद्यापीठांत होते. वशिलेबाजी रोखण्यासाठी केलेले हे नियम व्यवहारात बायकांच्या नोकऱ्या रोखत. गर्टी कोरी यांनी पती कार्ल यांच्या बरोबरीने काम केले, पण सेंट लुईसमध्ये त्या अनेक वर्षे दुय्यम पदावर राहिल्या आणि १९४७ मध्ये, दोघांना नोबेल मिळाले त्याच वर्षी, प्राध्यापक झाल्या. कामाच्या ठिकाणच्या प्रेमाला असा संस्थात्मक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात प्रेमाची किंमत एकाच पक्षाने मोजलेली आहे.

या पार्श्वभूमीवर प्रयोगशाळेतील प्रणयकादंबरी नेमके काय करते? ती रामन यांची अट मोडते असे वरवर वाटते. वस्तुतः ती त्या अटीमागचे गृहीतक स्वीकारते आणि त्याला आनंदी शेवट जोडते. होय, स्त्री आली की पुरुषाचे लक्ष विचलित होते; आणि किती गोड गोष्ट! जॅक, लीव्हाय, ॲडम हे तिघेही, उंच, धिप्पाड, मितभाषी, नायिकेच्या केवळ असण्याने विचलित झालेले पुरुष आहेत. तिच्या संशोधनाची ते स्तुती करतात; पण वाचकाला त्या संशोधनाविषयी जेवढे सांगितले जाते त्यावरून ती स्तुती प्रेमाची खूण आहे की निर्णय, हे ठरवता येत नाही. नायिकेची बुद्धिमत्ता आपल्याला नायकाच्या नजरेतून प्रमाणित होऊन मिळते. ज्या व्यवस्थेत तिच्या कामाला पुरुषाच्या शब्दाखेरीज मोल नव्हते, त्या व्यवस्थेचेच हे सौम्य रूप नव्हे काय?

‘लव्ह, थिऑरेटिकली’पुरता सैद्धांतिक-प्रायोगिक जोडीचा एक खरा दाखला देण्याजोगा आहे. १९५६ मध्ये ली आणि यांग यांनी मंद आंतरक्रियांत समता पाळली जात नसावी असा तर्क मांडला. च्येन-शिउंग वू यांनी प्रयोगाने तो खरा करून दाखवला. १९५७ चे नोबेल दोघा सैद्धांतिकांना मिळाले, वू यांना नाही. सिद्धांत आणि प्रयोग यांच्यातील श्रेयाचे भांडण किती खोल आणि किती लिंगभेदी असू शकते हे यात दिसते. हेझलवुड यांनी नायिकेला सैद्धांतिक केले आणि नायकाला प्रायोगिक. परंतु श्रेय कोणाचे हा प्रश्न दोघांत उपस्थितच होऊ दिला नाही.

‘प्रणयकादंबरीकडून तुम्ही भलतेच काही मागता आहात, ते मागायचे तर दुसरा वाङ्मयप्रकार वाचा’, असे कोणी म्हणेल. दुसरा प्रकार आहे, हे खरे. ॲलेग्रा गुडमन यांच्या ‘इन्ट्यूशन’ (२००६) या कादंबरीत क्लिफ आणि रॉबिन हे एकाच प्रयोगशाळेतले प्रेमी आहेत. क्लिफचा विषाणू उंदरांतील गाठी विरघळवतो, संस्थेत जल्लोष होतो, आणि रॉबिनला तोच प्रयोग करून तसे निष्कर्ष मिळत नाहीत. तिची शंका वैज्ञानिक आहे की दुखावलेल्या प्रेमिकेची, हे तिला स्वतःलाही निखळपणे सांगता येत नाही आणि कादंबरीही आपल्याला ते सोपे करून देत नाही. येथेही हेतू आहेत. पण हेतू उघड झाल्याने उंदरांचा प्रश्न सुटत नाही. रॉबिन मत्सरी असली तरी आकडे चुकीचे असू शकतात. हे एक साधे वाक्य हेझलवुड यांच्या जगात उच्चारता येत नाही.

पण दुसऱ्या प्रकाराकडे जाण्याची गरजही नाही. सुखान्त प्रणयकथेत खरा वाद मावतो, याचा पुरावा १९४९ सालीच उपलब्ध झालेला आहे. जॉर्ज क्यूकर यांच्या ‘ॲडम्स रिब’ या चित्रपटात पतीवर गोळी झाडणाऱ्या एका स्त्रीचा खटला उभा राहतो. सरकारी वकील नवरा, बचावाची वकील बायको. कायदा स्त्री-पुरुषांना एकाच मापाने मोजतो का, हा त्यांच्यातला वाद आहे आणि तो गैरसमज नाही. निकाल लागतो. ती जिंकते, तो हरतो, दोघांचे घर मोडायला येते, आणि तरी चित्रपट आनंदात संपतो. प्रेक्षकाला रंजनाची कमतरता भासत नाही. मुख्य म्हणजे शेवटी दोघे एकत्र येतात तेव्हा त्यांची मते एक झालेली नसतात.

‘लव्ह, थिऑरेटिकली’त निवडप्रक्रियेचा निकाल लागतो तेव्हा एमआयटीतील पद एल्सीला मिळत नाही, ते दुसऱ्या उमेदवाराला, जॉर्जला, मिळते आणि जॉर्ज पुढे एल्सीला आपल्या संशोधनगटात जागा देऊ करते. स्त्रीने स्त्रीला हात दिला म्हणून या वळणाचे कौतुक होते, आणि जॉर्ज हे पात्र कौतुकास पात्रही आहे. परंतु कथानकात या वळणाचे कार्य काय ते पाहावे. एल्सीला पद मिळाले असते तर ज्या पुरुषाच्या मताला निवडीत वजन आहे त्याच्याशीच तिचे प्रेमसंबंध आहेत, हा प्रश्न उभा राहिला असता. मग दोघांना भांडावे लागले असते, कोणाला तरी माघार घ्यावी लागली असती, समितीपुढे काहीतरी उघड करावे लागले असते. पद हुकल्यामुळे हा प्रश्न मिटतो. प्रेमाच्या आड येणारी गोष्ट दूर झाली, ती तिची नोकरी होती, आणि हे कादंबरीत कोणीही बोलून दाखवत नाही.